मूळ कोणाचे, न्याय कोणाचा? : अद्भुतकथेचे चित्रपटीय रूपांतर आणि वाचकाची अपेक्षा

मराठी समीक्षाव्यवहारात काही शब्दप्रयोग असे रुळले आहेत, की त्यांच्या आडोशाला विचार न करण्याची सोय होते. ‘मूळ कलाकृतीला न्याय देणे’ हा त्यांपैकी एक. कादंबरीवरून चित्रपट निघाला, कथेवरून मालिका झाली, की परीक्षणाच्या अखेरच्या परिच्छेदात निवाडा ठरलेला असतो : न्याय दिला आहे, न्याय दिलेला नाही, अथवा परीक्षक सावध असल्यास, बऱ्याच अंशी न्याय दिला आहे. न्यायासनाची भाषा वापरायची तर फिर्यादी कोण, कायदा कोणता आणि नुकसान नेमके कशाचे झाले, हेही सांगावे लागते. ते सांगण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही. दुसऱ्या बाजूला, विद्यापीठीय वर्तुळात वावरणारे अभ्यासक याच्या नेमके उलट बोलतात. त्यांच्या मते साहित्य हे साहित्य आणि चित्रपट हा चित्रपट. रूपांतर ही स्वतंत्र निर्मिती. मूळ नावाची वस्तूच मुळात भ्रामक. आणि मुळाशी निष्ठेची अपेक्षा करणारा वाचक हा सिद्धान्ताशी परिचय नसलेला भाबडा जीव. पहिल्या पक्षाला अपेक्षा हाच कायदा वाटतो, दुसऱ्याला अपेक्षा हे अज्ञान वाटते. अपेक्षा ही स्वतःच एक वाचनकृती आहे, तिच्यात समीक्षा दडलेली असते आणि म्हणून तिचीही चिकित्सा करता येते, हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

हा प्रश्न वास्तववादी कादंबरीच्या संदर्भात फारसा चिघळत नाही. तिच्या चित्रपटातील गाव, घर, शेत, कोर्ट हे प्रेक्षकाने अन्यत्र पाहिलेले असते. पडद्यावरचे चित्र चुकले की बरोबर, हे ठरवायला बाहेरचे जग साक्षीला असते. अद्भुताचे तसे नाही. राक्षसाची उंची, शापाची मुदत, मंत्राचा परिणाम यांना संहितेबाहेर पुरावा नसतो. जे आहे ते शब्दांत आहे आणि शब्दांनी जे मोकळे सोडले ते वाचकाच्या मनात आहे. वोल्फगांग इझर ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हणतो, त्या अद्भुतकथेत अधिक आणि अधिक खोल असतात. आणि ज्याने त्या स्वतः भरल्या, त्याला त्या भरण्याची मालकी वाटू लागणे स्वाभाविक आहे. टॉल्किनने परीकथांवरील आपल्या व्याख्यानात (१९३९, मुद्रित १९४७) चित्रांविषयी जी तक्रार केली आहे, तिचा रोख हाच आहे. शब्द सामान्य नाम देतो आणि प्रत्येक ऐकणारा त्याला आपल्या आठवणीतला विशेष देह देतो. चित्र मात्र एकच देह सर्वांवर लादते. तेव्हा अद्भुतकथेच्या निष्ठावंत वाचकाची चित्रपटाविषयीची धास्ती ही केवळ हट्टीपणाची बाब नाही. प्रश्न इतकाच, की या धास्तीतून जन्मलेल्या अपेक्षांपैकी कोणत्या समीक्षेच्या आहेत आणि कोणत्या निव्वळ मालकीच्या.

मराठी वाचकाच्या बाबतीत हा प्रश्न ‘तुंबाड’च्या निमित्ताने जितक्या स्वच्छपणे उभा राहिला, तितका क्वचितच राहिला असेल. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला; त्याआधी त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक-सप्ताहाचे उद्‌घाटन त्याने केले होते. पुढे २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेला जो प्रेक्षक त्याला मिळाला नव्हता तो दुसऱ्या खेपेला मिळाला. चित्रपट हिंदी; परंतु त्याचा प्रदेश कोकण आणि पुणे, त्यातील घर मराठी ब्राह्मणाचे, आणि त्याच्या मागे उभी असलेली पुस्तके मराठी. हा चित्रपट पाहायला आलेला मराठी वाचक निदान दोन निरनिराळ्या अपेक्षा घेऊन आला होता.

पहिली अपेक्षा श्री. ना. पेंडसे यांच्या वाचकाची. ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही द्विखंडात्मक कादंबरी ज्याने वाचली, त्याच्या दृष्टीने तुंबाड हे एका खोत घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैभवाचे आणि ऱ्हासाचे ठिकाण. त्याला पडद्यावर खोत सापडले नाहीत. सापडले ते गर्भगृह, सोने आणि लंगोट नेसलेला दैत्य. ‘नाव चोरले, कादंबरी नाही’ अशी त्याची भावना झाली असल्यास तिला आधार आहे. कारण दिग्दर्शकाने पेंडशांच्या कादंबरीतून घेतले ते नावच, आणि तसे त्याने सांगितलेही आहे. दुसरी अपेक्षा नारायण धारपांच्या वाचकाची. चित्रपटाचे बीज धारपांच्या एका कथेत आहे, १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने ती कथा सांगितली आणि ती मनात घर करून राहिली, असे बर्वे यांनी म्हटल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा धारपांच्या चाहत्यांनी चित्रपटावर आपला हक्क सांगितला. धारपांचे पुस्तक पडद्यावर यावे ही इच्छा मराठी वाचकाच्या दोन-तीन पिढ्यांनी बाळगली होती. वाचनालयातील धारपांच्या प्रतींची काय दशा झालेली असते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या इच्छेची तीव्रता सांगावी लागत नाही.

परंतु या मुळाचे मूळ शोधू लागले, की न्यायाची भाषा वापरणाऱ्यांची पंचाईत होते. धारपांची ती कथा, ‘आजी’, ही स्टीफन किंगच्या ‘ग्रामा’ (१९८४) या कथेवर बेतलेली आहे. किंगच्या कथेत एक मुलगा घरात एकटा आहे, सोबतीला अंथरुणाला खिळलेली, भयंकर पूर्वायुष्य असलेली आजी. आणि तिला शांत करण्यासाठी मुलाला एक नाव उच्चारायला सांगितले जाते. ते नाव आहे ‘हास्टर’. ‘तुंबाड’मधला मुलगा साखळदंडांतील म्हातारीला निजवण्यासाठी ज्या हस्तरचे नाव घेतो, त्याचे बारसे असे मेन राज्यातील एका घरात झाले आहे. बारसे तरी कसले? किंगने ते नाव लव्हक्राफ्टच्या वर्तुळातून घेतले. त्या वर्तुळाने रॉबर्ट चेंबर्सकडून. आणि चेंबर्सने अँब्रोज बिअर्सकडून, ज्याच्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातील छोट्याशा कथेत हास्टर हा चक्क मेंढपाळांचा कनवाळू देव आहे. मेंढरे राखणारा देव शंभरेक वर्षांत समृद्धीच्या देवीच्या पोटचा हावरा पहिला पुत्र होऊन कोकणातल्या वाड्याखाली येऊन बसला. यांपैकी कोणत्या मुक्कामाला मूळ म्हणायचे आणि कोणाला न्याय द्यायचा?

या ठिकाणी दुसरा पक्ष टाळ्या पिटील. पाहा, मूळ नाहीच. सर्वत्र आंतरसंहिताच आहे. तेव्हा धारपांच्या वाचकाने गप्प बसावे. हा निष्कर्ष घाईचा आहे. मूळ एक नाही, यावरून ऋण नाही असे सिद्ध होत नाही. वंशवृक्ष लांब असला म्हणून कोणी बापाचे नाव पुसत नाही. धारपांनी किंगचे नाव पुरेशा ठळकपणे सांगितले असते तर बरे झाले असते, हे म्हणण्याचा अधिकार वाचकाला आहे. आणि धारपांकडून आलेली गोष्ट धारपांकडून आली असे चित्रपटकर्त्याने सांगितले, याचे मोल मानण्याचाही आहे. रूपांतराला मुक्त निर्मिती म्हणून गौरवणाऱ्या सिद्धान्ताचा सर्वांत मोठा लाभार्थी वाचक नसतो, दिग्दर्शकही नसतो. तो असतो तो निर्माता, ज्याला मराठी लेखकाच्या वारसांशी करार करण्यापेक्षा ‘आंतरसंहिता’ हा शब्द स्वस्त पडतो. सिद्धान्त असा कोणाच्या तरी खिशाला सोयीचा होतो तेव्हा सैद्धान्तिकाने थोडे दचकायला हवे.

तरीही ‘तुंबाड’ने धारपांशी इमान राखले की नाही, हा प्रश्न शिल्लक राहतोच आणि तो साखळदंड, म्हातारी, उच्चारलेले नाव अशा जुळणाऱ्या वस्तूंची यादी करून सुटत नाही. चाहत्यांची चर्चा बहुधा या यादीपाशी थांबते : हे होते, ते नव्हते, हे तर पुस्तकातच नाही. किंगच्या कथेचा गाभा वारशाचा आहे. मुलाला त्या म्हातारीकडून काय मिळते, हे त्या कथेचे भय; शेवटी तिची काळी शक्ती त्याच्यात उतरते. चित्रपटाने घटना जवळजवळ सगळ्या बदलल्या, परंतु हा गाभा ठेवला आणि तो तीन कालखंडांत विस्तारला. १९१८ मध्ये म्हातारीला घाबरणारा विनायक १९३३ मध्ये तिच्याकडूनच खजिन्याचा मार्ग काढून घेतो आणि १९४७ मध्ये तो आपल्या मुलाला, पांडुरंगला, हाच धंदा शिकवत असतो. भुतापेक्षा भयंकर काय, तर बापाने मुलाला दिलेले कौशल्य. आणि इथेच पेंडशांकडून ‘निव्वळ नाव’ घेतले, हा आक्षेपही जरा सैल होतो. खोती ही वारशानेच चालणारी सत्ता होती; मुंबई राज्याने १९४९ च्या कायद्याने ती संपवली. चित्रपटातील तिसऱ्या खंडात स्वातंत्र्य उंबरठ्यावर आहे आणि सरकार वाडा ताब्यात घेण्याच्या बेतात आहे. पेंडशांची एकही व्यक्ती न घेता त्यांच्या कादंबरीच्या नावाने चित्रपटाने त्या कादंबरीतला प्रश्नही आपल्या अंगावर ओढून घेतला. पिढीजात मिळालेले ऐश्वर्य माणसाला काय करते, हा तो प्रश्न. हे दिग्दर्शकाच्या मनात होते की नव्हते, याला समीक्षेत महत्त्व नाही.

उलट, धारपांपासून चित्रपट जिथे खरोखर दुरावला आहे, त्या जागेबद्दल त्यांच्या चाहत्यांनी जितके बोलायला हवे होते तितके ते बोललेले नाहीत. धारपांच्या समर्थकथांची एक नैतिक व्यवस्था आहे. अमंगल बाहेरून येते, साध्या मध्यमवर्गीय घराच्या फटीतून आत शिरते, आणि त्याच्या तोडीचे मंगल सामर्थ्य कोठेतरी जागे असते. निवेदकाचा कोरडा, जवळजवळ कचेरीतल्या टिपणासारखा स्वर या व्यवस्थेचाच भाग आहे; जग मुळात शहाणे आहे अशी खात्री असल्याशिवाय तो स्वर सापडत नाही. ‘तुंबाड’मध्ये कोणी समर्थ येत नाही. तिथे अमंगल बाहेरून आलेलेच नाही. ते दोर बांधून, पिठाचे रिंगण आखून आत उतरावे लागते असे, माणसाने मुद्दाम भेटायला जाण्याचे ठिकाण आहे. हा बदल म्हातारीच्या साखळदंडापेक्षा कितीतरी मोठा. धारपीय विश्वाची नीतिव्यवस्था मोडून चित्रपटाने काय कमावले, काय गमावले, हा वाद मराठीत व्हायला हवा होता. तो झाला असता तर चाहता समीक्षक ठरला असता.

अपेक्षांची अशी प्रतवारी करताना पाश्चात्त्य उदाहरणांची मदत होते, पण ज्या कारणासाठी ती सहसा दिली जातात त्या कारणासाठी नव्हे. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर (१९५४-५५) पीटर जॅक्सनने तीन चित्रपट केले (२००१-०३), तेव्हा टॉम बॉम्बाडिल हे पात्र गाळल्याबद्दल निष्ठावंतांनी बराच शोक केला. स्वतः टॉल्किनचे मत या निष्ठावंतांच्या विरुद्ध जाण्यासारखे होते. १९५७-५८ मध्ये त्याच्यासमोर एका चित्रपटाचा आराखडा आला, त्या वेळी त्याने लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्याचे म्हणणे असे, की निवड करून गाळलेले चालेल. सगळेच कोंबून दाबलेले चालणार नाही, कारण त्यात उत्कर्षबिंदू बोथट होतात. त्याला चीड आली ती वाटेतल्या पाथेयाची गोळीबंद आहारात गणना झाल्याची, गरुडांचा बैलगाडीसारखा वापर झाल्याची. (बैलगाडी प्रस्तुत लेखातील, टॉल्किनची उपमा नव्हे.) म्हणजे त्याचा आग्रह घटनांच्या संख्येसाठी नव्हता. त्या विश्वात अद्भुत गोष्ट किती दुर्मीळ आहे, तिची किंमत काय, ती कोणाच्या हाकेला येते, या नियमांसाठी होता.

ले ग्विनचे उदाहरण याहून टोकदार. तिच्या अर्थसी-मालिकेतील (पहिले पुस्तक १९६८) बहुसंख्य माणसे सावळी वा काळी आहेत. नायक गेड तांबूस तपकिरी वर्णाचा आहे. गोरे आहेत ते परके, आक्रमक कार्ग लोक. २००४ च्या अमेरिकी दूरचित्रवाणी-मालिकेत गेड गोरा झाला. ले ग्विनने जाहीर निषेध केला. बाह्यरूपाविषयीची ही तक्रार वरवर पाहता चाहत्याच्या ‘माझा नायक असा दिसत नव्हता’ या तक्रारीसारखीच दिसेल. ती तशी नाही. अद्भुतकथेत नायक गोराच असतो, हा तोवरचा संकेत मोडणे हेच त्या पुस्तकाचे एक काम होते. मालिकेने तो संकेत परत बसवला. रंग हा इथे तपशील उरत नाही, तो विश्वरचनेचा नियम होतो. तेव्हा ‘रूपाच्या अपेक्षा क्षुल्लक, आशयाच्या अपेक्षा गंभीर’ अशी सोपी वाटणी करता येणार नाही. प्रत्येक वेळी विचारावे लागेल : हा तपशील बदलला तर त्या जगाचा कोणता नियम मोडतो? मोडत नसेल तर चाहत्याने आपले दुःख आपल्यापाशी ठेवावे.

मराठी घरांतील मुलांची अद्भुताविषयीची अपेक्षा कशी घडली, याचे एक उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. १९५२ पासून निघू लागलेल्या मराठी ‘चांदोबा’तून विक्रम आणि वेताळ घरोघर गेले. त्या गोष्टींपैकी पुष्कळशा मूळ पंचविशीत नाहीत. नव्याने रचून त्या चौकटीत बसवलेल्या आहेत. पण वाचकांच्या मनावर कोरले गेले ते शंकर या चित्रकाराने काढलेले शीर्षचित्र : तलवार परजलेला राजा आणि खांद्यावर लोंबणारे प्रेत. १९८५ मध्ये रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ दूरदर्शनवर आली, तेव्हा पडद्याची तुलना ज्या ‘मुळा’शी झाली ते सोमदेवाचे संस्कृत नव्हते, मराठी शब्दही नव्हते, ते मद्रासला छापलेले चित्र होते. याउसच्या परिभाषेतील अपेक्षाक्षितिज असे शब्दांबरोबर चित्रांनी, आवाजांनी, सांगणाऱ्या आजोबांच्या लकबींनीही आखलेले असते. ग्रंथनिष्ठेच्या नावाने जे मागितले जाते ते पुष्कळदा बालपणनिष्ठा असते. तिची टर उडवण्याचे कारण नाही, मात्र तिला ग्रंथाची साक्ष काढण्याचा हक्क पोचत नाही.

हे सर्व सांगण्यासाठी कोन्स्टान्झला जाण्याची गरज होतीच असे नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात रूपांतरकाराला दोन गोष्टी सांगितल्या आहेत. परंपरेने आलेल्या कथेतील जो भाग रसाला प्रतिकूल असेल तो सोडून कवीने नवा कल्पावा; केवळ इतिवृत्त सांगणे हे कवीचे काम नव्हे, ते इतिहासाने साधतेच. आणि लगेच दुसरी : रामायणासारख्या ज्या कथा ‘सिद्धरस’ आहेत, त्यांत रसाला विरोधी अशी स्वैर कल्पना घुसडू नये. सिद्धरस ही कल्पना मराठी समीक्षेने रूपांतराच्या चर्चेत जवळजवळ वापरलीच नाही, हे आश्चर्य आहे. तिच्यात वाचकाच्या अपेक्षेला स्थान आहे; ज्या कथेचा रस समाजात आधीच सिद्ध झालेला आहे, ती हाताळणारा कवी रिकाम्या जागेत उभा नसतो, हे तिला ठाऊक आहे. परंतु तिने अपेक्षेला घटनांवर अधिकार दिलेला नाही. अधिकार दिला तो रसाच्या बाबतीत. महाभारतातील शकुंतलेच्या कथेत दुर्वासाचा शाप नाही, अंगठी नाही. कालिदासाने दोन्ही आणले आणि कुंतकाने त्याचा गौरव प्रकरणवक्रतेचे उदाहरण म्हणून केला. ‘पुस्तकात शाप नव्हता’ असे म्हणणारा प्रेक्षक कुंतकाच्या काळी नसेल असे नाही. कुंतकाने त्याला विचारात घेतले नाही, इतकेच.

सिद्धरसाची कसोटी चित्रपटाला लावता येते, याचा दाखला प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) आहे. शेवटी वैकुंठाहून विमान येते. चरित्राच्या चिकित्सकाला ते खटकेल. परंतु कीर्तनातून ती कथा ऐकत आलेल्या प्रेक्षकापुढे ते विमान न आणणे हा वास्तववाद ठरला नसता, रसभंग ठरला असता. दामले-फत्तेलाल यांनी विमान आणले आणि त्याच वेळी जिजाईला जमिनीवर, शेणामातीत ठेवले. अपेक्षा पुरवूनही चित्रपट तिचा गुलाम झाला नाही, तो असा.

लोककलेच्या अंगाने पाहिले तर मूळ आणि रूपांतर हा भेदच निराळा दिसू लागतो. ‘गाढवाचं लग्न’ हा वग घ्या. शापाने गाढव झालेला गंधर्व, त्याचे राजकन्येशी लग्न : विक्रमाच्या पित्याविषयीची जुनी दंतकथा. हरिभाऊ वडगावकरांच्या या वगातील सावळ्या कुंभार दादू इंदुरीकरांनी प्रयोगागणिक नव्याने घडवला. २००७ मध्ये त्यावर चित्रपट झाला. ज्यांनी इंदुरीकरांना पाहिले होते त्यांना तो मानवला नाही, यात नवल नाही. मात्र त्यांना खटकलेली गोष्ट शब्दांचा फेरफार ही नव्हती. वगाला बदल चालतोच, किंबहुना त्याशिवाय तो वग राहत नाही. कॅमेऱ्याने एक प्रयोग कायमचा गोठवला, हे खरे दुखणे. इथे निष्ठेची अपेक्षा म्हणजे बदलत राहण्याची अपेक्षा!

या जातीच्या अपेक्षेचे शिक्षण महाराष्ट्रात कोठे मिळते, असे विचारले तर अकलूजकडे बोट दाखवता येईल. नीरेकाठच्या या गावात १९९३ पासून राज्यस्तरीय लावणी स्पर्धा भरू लागली. पारंपरिक लावणीचे जतन हा तिचा हेतू. आणि जतन म्हटले की मूळ काय, हा प्रश्न आलाच. सिनेमाने लावणी उचलली, तिचा ठेका आणि नऊवारी ठेवून तिला आपल्या वेगाने पळवली. पुढे तीच सिनेमातली लावणी फर्माईश होऊन बारीत परत आली. इतकी सरमिसळ झाल्यावर अस्सल-नक्कल हा निवाडा कोण करणार? परंतु जाणकार श्रोता तो करतो, आणि ‘हीच लावणी मागच्या खेपेला अशी म्हटली नव्हती’ या मुद्द्यावर तो करत नाही. बैठकीच्या लावणीत एकाच ओळीवर गायिका किती निरनिराळ्या अदा करते, यावर तिची योग्यता ठरते; यमुनाबाई वाईकरांची थोरवी या अदाकारीतच होती. शब्द तोच, चाल तीच, आणि प्रत्येक अदेत अर्थ नवा. काय हलायचे आणि काय हलायचे नाही, हे श्रोत्याला ठाऊक असते. त्याची अपेक्षा कडक आहे, तरीही ती कलावंताला कोंडत नाही. उलट त्या अपेक्षेपुढेच कलावंताचे नवेपण ओळखले जाते. हा श्रोता जाणकार आहे, मालक नाही. अद्भुतकथेच्या वाचकाने चित्रपटगृहात जाताना या श्रोत्याची ऐट उसनी घ्यावी.

वाचक जाणकार न होता मालक का झाला, याचे उत्तर काही अंशी समीक्षेलाच द्यावे लागेल. जाणकारी ही चर्चेतून घडते आणि अद्भुताची चर्चा मराठीत होऊच दिली गेली नाही. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशा तीन प्रवृत्ती कल्पिल्या. ती मांडणी उपयुक्त होती. पण नंतरच्या अनुयायांच्या हातात ‘मुक्तामाला प्रवृत्ती’ ही एक शिवी झाली. हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), रिसबुडांची ‘मंजुघोषा’, पुढे नाथमाधवांची ‘वीरधवल’ हे सारे रंजनाच्या एकाच पोत्यात गेले आणि पोत्याचे तोंड शिवून टाकण्यात आले. धारप तर त्या पोत्यातही नव्हते. त्यांची जागा फिरत्या वाचनालयात. अद्भुतविश्वाचे नियम, त्यातील संशयाची जागा (तोदोरोव्हने १९७० मध्ये जिच्यावर सबंध प्रकारलक्षण उभे केले), भय आणि विस्मय यांतील फरक, यांसाठी मराठीत परिभाषाच तयार झाली नाही. ज्या वाचकाला विचार करण्यासाठी शब्द दिले गेले नाहीत, त्याने ‘न्याय’ हा वकिली शब्द उचलला तर दोष एकट्या त्याचा नाही. त्याच्या अपेक्षेला भाबडी म्हणणारे पुष्कळदा तेच आहेत, ज्यांनी त्याला धारप वाचल्याबद्दल आधी लाजवले होते.

‘तुंबाड’ला त्याच्या स्वतःच्या नियमांची कसोटी लावली, तर काय दिसते? हस्तरला सोने मिळाले, धान्य मिळाले नाही. तो भुकेला आहे. पिठाची बाहुली त्याला भुलवते, पिठाचे रिंगण त्याला अडवते. एवढ्या चार नियमांवर सारा चित्रपट उभा आहे आणि तो शेवटपर्यंत त्यांच्याशी प्रामाणिक राहतो. अखेरच्या उतरणीत बापलेक अनेक बाहुल्या घेऊन जातात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. हे प्रेक्षकाने कल्पिलेले नसते, परंतु घडल्यावर लक्षात येते की दुसरे काही घडूच शकत नव्हते. नियम तोच, हावेने त्याचा गुणाकार केला. अदाकारीची तुलना इथे शोभेल. याउलट, दुसऱ्या खंडातील संसाराचा व रखेलीचा भाग केवळ नायकाचा अधःपात दाखवण्यापुरता येतो. तिथे अद्भुताचा नियम काम करत नाही आणि चित्रपट कोणत्याही हिंदी चित्रपटासारखा होतो. त्यात ही माणसे हिंदी बोलतात. कोकणातल्या वाड्यातील म्हातारी आणि मूल ज्या भाषेत एकमेकांना घाबरवतील ती भाषा तिथे नाही, आणि धारपांचे सारे भय तर घरगुती मराठीच्या साधेपणावर उभे होते. अभ्यासकांनी हा आक्षेप प्रादेशिक अस्मितेचा मानून सोडून दिला. वस्तुतः हाच सर्वांत वाङ्‌मयीन आक्षेप होता.

आता करण्यासारखे काम आहे ते असे. ‘आजी’ आणि ‘ग्रामा’ या दोन कथा समोरासमोर ठेवून, वाक्यागणिक पाहून, धारपांनी काय आणले, काय गाळले, कोणत्या नात्याचे मराठीकरण केले, बोलण्याचा सूर कोठे बदलला, हे कोणीतरी नोंदवायला हवे. मग त्यांच्या शेजारी चित्रपटाचा पहिला खंड. पदव्युत्तर पातळीवरच्या एका विद्यार्थ्याला सहा महिन्यांत जमेल असे हे काम आहे. त्यासाठी विषयाला मान्यता देणाऱ्या समितीत धारप हे नाव उच्चारल्यावर कोणी हसणार नाही, एवढीच अट.